भिंतीपाशी उगवलेली वेल कळलावीच आहे का, आणि ती खिडकीत लावू का?

पत्र:

नमस्कार. मी बोरिवली पूर्वेला राहते, आमच्या सोसायटीची मागची भिंत नॅशनल पार्कच्या बाजूला आहे. जूनच्या शेवटी त्या भिंतीपाशी, जिथे माळीकाका पालापाचोळा टाकतात तिथे, दोन हिरवे कोंब आले आणि महिन्याभरात ते माझ्या खांद्याला लागलेत. पानं लांब, निमुळती, आणि वरच्या प्रत्येक पानाच्या टोकाला शेपटीसारखं काहीतरी आहे, ते जाळीच्या तारेला गुंडाळून घेतं. फूल अजून नाही. सासूबाई रायगडच्या, त्या बघताक्षणी म्हणाल्या हे तर गौरीचे हात. वॉचमन म्हणतो बचनाग आहे, विष आहे, उपटून टाका. मोबाईलच्या अ‍ॅपने एकदा लिली सांगितलं, एकदा बांबू. शेजारच्या काकू म्हणतात कळलावी घरात आली की भांडणं लागतात. मला मात्र ती फार आवडलीय. एक कोंब खणून खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंडीत लावू का? मुलगा ३ वर्षांचा आहे. आणि गेल्या वर्षी नर्सरीतून मी अग्निशिखा म्हणून एक वेल आणली होती, ऑगस्टमध्ये छान फुलली, ऑक्टोबरात पिवळी पडायला लागली म्हणून मी रोज पाणी घातलं, खतही घातलं, तरी मेली. कुंडी तशीच पडून आहे. काय चुकलं?

उत्तर:

ताई, आधी एकच काम करा, माळीकाकांना आजच्या आज सांगून ठेवा की त्या कोपऱ्यात गवत कापायचं मशीन फिरवायचं नाही, कारण जुलै-ऑगस्टमध्ये सोसायटीतल्या निम्म्या रानवेली अशाच जातात, कोणाच्या मनात वाईट नसतं, पण कोणी सांगितलेलंच नसतं. बाकीचं निवांत वाचा.

तुमची वेल कळलावी आहे, आणि हे फुलाची वाट न बघता सांगता येतंय ते तुम्ही पानाच्या टोकाबद्दल नीट लिहिलंत म्हणून. वेली चढतात त्या नाना तऱ्हांनी. कारलं, दोडका यांचे ताणे खोडातून, पानाच्या बगलेशी फुटतात. घोटवेल तुमच्या पार्कच्या बाजूला भरपूर असणार, तिचे ताणे पानाच्या देठाच्या बुडाशी जोडीने येतात, खोडाला काटे असतात आणि पान रुंद. रानातले कंद, म्हणजे कडू कारांदा वगैरे, त्यांना ताणा नसतोच, त्यांचं खोडच आधाराभोवती पिळत जातं आणि पान बदामाच्या आकाराचं. मोरवेल पानाच्या देठानेच काठी पकडते. कळलावीचं मात्र पानच पुढे बारीक बारीक होत जातं आणि शेवटी त्याचं सूत होऊन ते सूत गुंडाळी घेतं, पानाला देठ जवळपास नसतोच, आणि पानातल्या शिरा बांबूच्या पानासारख्या सरळ लांब जातात. म्हणून तुमच्या अ‍ॅपला बांबू वाटलं, तुम्ही बहुतेक खालच्या पानांचा फोटो दिला असणार, खालच्या पानांना ती गुंडाळी नसते किंवा अगदी अर्धवट असते. वरचं पान, टोकासकट, मागे हात धरून फोटो काढा, मग अ‍ॅपही बरोबर सांगेल. आणि लिली हे उत्तर तसं फार चुकीचं नाही, पूर्वी हिला लिलीच्याच कुळात धरायचे, आता कुळ वेगळं केलंय. लिनियसने १७५३ मध्ये हिला ग्लोरिओसा सुपर्बा असं नाव दिलं.

नावांबद्दल सासूबाई बरोबर आहेत आणि वॉचमनही बरोबर आहे. गौरीचे हात हे कोकणातलं नाव, फुलाच्या पाकळ्या बोटांसारख्या वर उचललेल्या असतात आणि गौरी येतात तेव्हाच हिचा बहर असतो. बचनाग असं काही ठिकाणी हिलाही म्हणतात, खड्यानागही म्हणतात, पण आयुर्वेदातला खरा बचनाग म्हणजे वत्सनाभ, तो हिमालयाकडचा, पूर्ण वेगळं झाड आहे. दोन्ही विषारी, एवढंच साम्य. संस्कृतात हिला लांगली म्हणतात, लांगल म्हणजे नांगर, आणि हिचा कंद खरंच छोट्या नांगरासारखा वाकडा असतो, एका कोपऱ्यातून दोन बाहू निघाल्यासारखा. ज्याने कोणी हे नाव दिलं त्याने जमीन खणून कंद हातात घेऊन बघितला असणार, मला ते नाव सगळ्यात आवडतं.

कळलावीतली कळ भांडणाची नाही, ती बाळंतपणाची. कळा याव्यात म्हणून पूर्वी हिचा कंद वापरायचे त्यावरून नाव पडलं, पुढे कळ लावणे म्हणजे भांडण लावणे हा अर्थ त्याला चिकटला आणि मग फूल घरात नको, वेल अंगणात नको असं सुरू झालं. काकूंना दुखवू नका, पण हे नक्की सांगा. आणि हेही सांगा की तो जुना वापर आज कोणीही करू नये, ना बाळंतपणासाठी, ना गुडघ्याला लावायला, ना साप-विंचवाच्या नावाखाली.

आता विषाचं. हे मी लांबवून लिहितेय कारण तुमच्या घरात ३ वर्षांचा मुलगा आहे. कळलावीच्या मुळापासून बीपर्यंत सगळ्या भागात कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं, कंदात आणि बियांमध्ये सगळ्यात जास्त. हेच कोल्चिसिन गाऊट या सांध्याच्या आजारावर डॉक्टर गोळीत देतात, आणि ती गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते, म्हणजे किती थोड्यात काम होतं बघा. कंदात ते किती आहे हे बघून कळत नाही, म्हणून सासूबाईंना किंवा बिल्डिंगमधल्या कोणाला संधिवात असेल आणि कोणी म्हणालं की हा कंद उगाळून घ्या, तर साफ नाही म्हणा. कंद रताळ्यासारखा दिसतो, उकडून खाण्याचा कंद समजून हा खाल्ल्याने माणसं गेलेली आहेत. खाल्ल्यावर लगेच काही होत नाही, काही तास जातात, मग तोंडात-घशात जळजळ, उलट्या, पाण्यासारखे जुलाब, आणि लोकांना वाटतं बाहेरचं काहीतरी खाण्यात आलं. त्या काही तासांतच वेळ हातातून जातो, पुढे किडनी, रक्त, हृदय सगळ्यावर परिणाम होतो. म्हणून मुलाने पान जरी चावलंय असा संशय आला तरी उलटीची वाट बघायची नाही, घरगुती उपाय करायचे नाहीत, १०८ ला फोन करून किंवा रिक्षाने सरळ मोठ्या हॉस्पिटलात जायचं, वेलीचा तुकडा पिशवीत घालून न्यायचा आणि कळलावी हे नाव डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. मांजर-कुत्र्यालाही ती तितकीच घातक.

त्यामुळे खिडकीच्या ग्रिलचं उत्तर नाही असं आहे. माझं मन मोडतंय लिहिताना, कारण ग्रिलचे गज तिला चढायला अगदी छान, पण ३ वर्षांचं मूल ग्रिलमध्ये हात घालतं, लाल-पिवळं फूल ओढतं आणि हात तोंडात घालतं. पुढे शेंग तडकली की आत लालभडक गोल बिया दिसतात, मुलाला त्या गोळ्याच वाटणार. मुलगा ७-८ वर्षांचा होऊ दे, सांगितलेलं ऐकायला-समजायला लागू दे, मग लावा.

तोवर ती भिंतीपाशीच राहू दे ना, तिने स्वतः निवडलेली जागा आहे. कोणी मुद्दाम लावलेली दिसत नाही, म्हणजे बी किंवा कंदाचा तुकडा मातीबरोबर आला असेल. पालापाचोळा पडतो म्हणून माती भुसभुशीत आहे, भिंतीचा उतार असेल तर पाणी थांबत नसेल, मुळाशी सावली आणि शेंड्याला ऊन, हे तिला रानात जसं मिळतं तसंच आहे. तुम्ही फक्त एवढं करा, दोन बांबू किंवा सुक्या फांद्या तिच्या शेजारी रोवा, बुंध्यापासून वीतभर लांब, म्हणजे खालचा कंद फुटणार नाही, कारण खोड फार नाजूक असतं, वाऱ्याने जाळीवर आपटलं तरी मोडतं आणि बुडापासून मोडलं तर त्या वर्षी पुन्हा सहसा फुटत नाही. तीन बाजूंनी गुडघाभर उंच जाळी लावा. आणि एक पाटी, मराठी-हिंदी दोन्हीत, “कळलावी, विषारी वेल, हात लावू नये, उपटू नये”. कमिटीत कोणी काढून टाका म्हणालं तर सांगा की कण्हेर आणि पिवळी कण्हेर आपल्या निम्म्या सोसायट्यांच्या गेटवर आहेत, त्याही विषारीच आहेत, आपण मुलांना ओळखायला शिकवतो. कळलावीबाबतही तेच करायचं.

भिंतीपलीकडून मात्र काही आणू नका. नॅशनल पार्कमध्ये पावसाळ्यात ती दिसतेच, येऊरच्या बाजूलाही दिसते, पण तिथून वेल, कंद, बी काहीही उचलणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं, कारण भर पावसात खणलेला कंद बहुतेक वेळा जगत नाही. तुमचे कोंबही म्हणूनच आत्ता खणायचे नाहीत.

आता गेल्या वर्षीची कुंडी, कारण मला वाटतं तुमच्या पत्रातलं खरं दुःख तिथे आहे. ताई, अग्निशिखा म्हणजे कळलावीच, आणि पिवळी पडली तेव्हा ती मेली नव्हती हो. कळलावी दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिवळी पडते, वाळते आणि जमिनीवरून पूर्ण नाहीशी होते, मेच्या शेवटापर्यंत तिचं नामोनिशाण राहत नाही. ती खाली कंदात झोपलेली असते. पानं पिवळी होतात तेव्हा त्यांच्यातलं सगळं सत्त्व ती खाली ओढून नवा कंद भरत असते, जुना कंद त्या वर्षी सुकून जातो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. आपल्याला वाटतं आजारी आहे, आपण पाणी वाढवतो, आणि झोपलेला कंद ओल्या मातीत कुजतो. तुम्ही मायेने केलंत, पण त्या वेळी तिला कोरडं राहायचं होतं.

माझ्याकडे उलट झालं होतं. पहिली कळलावी मी मुलुंडच्या घराच्या गच्चीत मोठ्या कुंडीत लावली, दोन पावसाळे फुलली, तिसऱ्या जानेवारीत मी गावी गेले होते तेव्हा घरच्यांनी रिकामी कुंडी बघून माती पसरून टाकली आणि त्यात मोगरा लावला. कंद कचऱ्याबरोबर गेला. मी परत आल्यावर किती वेळ त्या कुंडीपाशी बसून होते मला आठवतंय. तेव्हापासून वेल वाळली की मी त्याच जागी एक काठी रोवते, काठीला लाल दोरा बांधते आणि कुंडीवर रंगाने लिहिते, “आत कंद आहे, जूनमध्ये येणार”.

तर ती कुंडी आता उघडून बघा. हातात ग्लोव्हज घाला, कंदाचा रस अंगाला लागला की काहींना खाज-जळजळ होते. मुलगा झोपलेला असताना करा, खाली कागद पसरा. कंद घट्ट लागला, इंग्रजी व्ही किंवा एल सारखा वाकडा, आणि टोकाला पांढरट कोंब किंवा फुगीर डोळा असेल तर तो जिवंत आहे. मऊ, चिकट, वास येणारा असेल तर गेला. प्रत्येक बाहूच्या टोकाला एकच डोळा असतो, तो मोडला की त्या बाहूला पुन्हा कोंब येत नाही, म्हणून उचलताना टोकाला धरायचं नाही, मधल्या कोपऱ्याला धरायचं. कंद जिवंत असेल तर कुंडी खाली भिंतीपाशी त्या जाळीच्या आत नेऊन ठेवा, घरात नको.

कुंडीत लावायची रीत साधी आहे पण मुंबईच्या पावसात एक गोष्ट फार जपावी लागते, पाणी. कुंडी निदान १२ इंच खोल हवी, भोकं चार-पाच, आणि खाली ताटली अजिबात नको. पावसाळ्यात ताटलीत पाणी साचतं, डास होतात ते वेगळंच, पण कंद दोन आठवड्यांत संपतो. माती अर्धी लाल माती, बाकी वाळू आणि जुनं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत, थोडा कोकोपीट चालेल पण जास्त नको, तो ओल धरून ठेवतो. कंद आडवा ठेवायचा, डोळा किंचित वर, त्यावर दोन-अडीच इंच माती. मेच्या शेवटी लावला की पहिल्या पावसानंतर कोंब येतो, मग पाऊस असेल तेव्हा पाणी घालायचंच नाही आणि पाऊस चार दिवस दडी मारेल तेव्हा घालायचं. कळ्या दिसायला लागल्या की खत बंद. पानं पिवळी पडली की पाणी बंद. वाळलेली वेल आपोआप सुटून येते, ओढायची नाही. मग कुंडी पाऊस आणि नळ दोन्हींपासून लांब, सावलीत, लाल दोऱ्याच्या काठीसकट. एवढंच.

हिच्यावर एक काळी, पांढऱ्या आणि लाल ठिपक्यांची अळी येते, दिसायला देखणी, पण चार-पाच मिळून एका रात्रीत शेंडा संपवतात. ती लिलीवर वाढणाऱ्या पतंगाची अळी, तिच्या शास्त्रीय नावातच ग्लोरिओसा आहे, म्हणजे तिचंही या वेलीशी जुनं नातं. औषध मारू नका, एवढीशी तर वेल आहे, सकाळी चिमट्याने वेचा. मी दोन-तीन अळ्या खालच्या पानांवर राहू देते.

फूल ऑगस्टमध्ये येईल, तेव्हा रोज जाऊन बघा, कारण ते रोज वेगळं असतं. आधी हिरवट कळी खाली मान घालून लोंबते, मग सहाही पाकळ्या उलट्या वर वळतात, कडा नागमोडी, बुडाला पिवळा आणि टोकाला लाल, आणि दिवस जातील तसा पिवळा कमी होत होत पूर्ण फूल गर्द लाल होतं. सहा पुंकेसर छत्रीच्या काड्यांसारखे बाहेर पसरलेले असतात आणि मधली स्त्रीकेसराची दांडी काटकोनात एका बाजूला वळलेली असते, त्यांच्यापासून लांब, म्हणजे स्वतःचेच परागकण स्वतःला सहजासहजी लागू नयेत. फुलपाखरं येतात, सनबर्डही येतो. तमिळनाडूत हेच राज्यफूल आहे आणि तिथले शेतकरी बियांसाठी, म्हणजे औषध कंपन्यांना लागणाऱ्या कोल्चिसिनसाठी, मांडवावर हिची शेती करतात, तिथे बी चांगलं धरावं म्हणून माणसं हाताने पराग लावत फिरतात. तुमच्या दोन वेलींना कमी शेंगा धरल्या तर वाईट वाटून घेऊ नका. शेंग धरलीच तर तडकायच्या आधी कापून घ्या, मुलांच्या वाटेवर बिया पडायला नकोत. बी पेरून वेल करायची तर रुजायलाच महिने जातात आणि फूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी, त्यापेक्षा डिसेंबरनंतर भिंतीपाशी एक कंद अलगद सोडवून घेणं सोपं.

आणि ग्रिलसाठी वेल हवीच आहे ना, तर कर्टोली लावा. तीही आपल्याकडची रानवेल, तीही कंदातून येते, तीही थंडीत नाहीशी होऊन पावसाला परत येते, म्हणजे मुलाला ही सगळी गंमत बघता येईल आणि चावलं तरी भाजीच आहे. आत्ता बोरिवली स्टेशनबाहेर रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बायकांकडे कर्टोली असतील, त्यांना विचारा पुढच्या मे-जूनमध्ये कंद आणून देता का, त्यांच्या वाडीतले. कर्टोलीत नराची वेल वेगळी आणि मादीची वेगळी, त्यामुळे दोन्हींचे कंद मागायचे, मादीचे दोन आणि नराचा एक. बीपासून केली तर फूल येईपर्यंत कुठली कोणती कळत नाही. पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात, मादीच्या फुलाखाली बारीक काटेरी कर्टोलं आधीपासून दिसतं, नराचं फूल तोडून त्याला अलगद टेकवायचं, हे काम मुलाकडून करून घ्या, त्याला फार आवडेल.

राहिलं सासूबाईंचं. या वर्षी गौरीला त्यांना हीच फुलं हवी असतील आणि ती द्यायलाच हवीत, गाव सोडून इतक्या वर्षांनी दाराशी आलीयत. फक्त तुम्ही स्वतः कात्रीने कापा, फूल आणि बोटभर दांडी, वेल ओढायची नाही आणि पानं घ्यायची नाहीत, दोन वेलींवरची मिळून चार-पाच फुलं पुरे, बाकीची राहू द्या. गौरीच्या हातांपाशी उंच बांधा, मुलाचा हात पोचणार नाही इतकी, नैवेद्याच्या ताटापासून लांब. कापल्यावर साबणाने हात धुवा. आणि विसर्जनाच्या दिवशी ती फुलं बाकीच्या निर्माल्यात मिसळू नका, गाय-बकरीच्या तोंडी जातील, वेगळी काढून त्याच भिंतीपाशी मातीत पुरा.